चौथी पाहुणी

शवपेटी दारातून आत आली आणि बैठकीच्या खोलीकडे वळताना अडली. चौघांच्या खांद्यांवर ती तिरकी झाली होती, आणि भिंतीवर शोभेसाठी टांगलेल्या लांबलचक वल्ह्यावर तिचा कोपरा घासत होता. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे हेनेसी दबक्या आवाजात म्हणाले, "थांबा. जरा मागे घ्या." डर्वला पुढे झाली, तिने वल्हं दोन्ही हातांनी धरलं आणि एका हिसक्यात उपटलं. खुंटीबरोबर भिंतीचा गिलावाही खाली आला.

"आता या," ती म्हणाली.

पेटी आत गेली. डर्वलाच्या नवऱ्याने, गॅरेटने, जमिनीवरचा चुरा बुटाने बाजूला सारला. "भिंतीवरच्या वस्तूंना हात लावायचा नाही, असं घराच्या नियमांत लिहिलंय त्यांनी."

"या घरात वल्हं कधी नव्हतंच. तीन घरं सोडून पूल आहे. शेकडो वर्षं आहे. इथे नावाडी कशाला राहील?"

पण दाराबाहेर निळ्या पाटीवर तसंच लिहिलं होतं: नावाड्याचं घर. डर्वलाची आई जोसी फेलन या घरात भाड्याने राहिली, म्हातारी झाली, आणि तिने सांगितलेल्या आठवणी हाच खरं तर या घराचा एकमेव इतिहास होता. चुलीपाशी आता काळी लोखंडी किटली टांगली होती, तिच्यात कापडी फुलं. असलीच किटली, विजेची शेगडी आली त्या दिवशी, आईने हसत हसत भंगारात दिली होती. स्वयंपाकघरात फळीवर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'आपलंच घर समजा.' डर्वलाने ती फळी उलटी करून ठेवली.

जुना मालक डाउलिंग गेला आणि घर त्याच्या मुलाकडे, फिंटनकडे आलं. वर्षभरात त्याने आईला नोटीस दिली. नदीकाठची ती जवळजवळ सगळी ओळ त्याने तशीच रिकामी केली, रंगवली, दारांशेजारी आकडे जुळवून उघडायच्या किल्लीच्या पेट्या बसवल्या आणि सुट्टीत येणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. आई वॉटरफर्डच्या वृद्धाश्रमात गेली. तिथे तिने कशाचीच तक्रार केली नाही. फक्त मंगळवारी, शेवटच्या दिवशी, डर्वलाचं मनगट धरून म्हणाली, "मला घरून न्या गं."

कुठलं घर, असं विचारायची सोय नव्हती. डर्वलाने त्याच संध्याकाळी गॅरेटच्या आडनावाने हेच घर एका रात्रीपुरतं भाड्याने घेतलं. पाहुणे किती, या प्रश्नासमोर तिने चार लिहिलं: ती, गॅरेट, लीड्सहून येणारा तिचा भाऊ डोनल, आणि आई. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"उद्या निघताना ही किल्ली मी पुलावरून नदीत टाकणार आहे," ती गॅरेटला म्हणाली. गॅरेटने मान हलवली. अशा वेळी तो वाद घालत नसे.

दुपार कलली तशी माणसं यायला लागली. कुणाला निरोप द्यावा लागला नाही. हेनेसींची काळी गाडी पुलावरून वळताना दिसली, तेवढं पुरे होतं. लोक मागच्या दाराने, न ठोठावता, पूर्वीसारखेच आत आले. कुणी हॅम कापून आणलं, कुणी फळांचा केक, कुणी आपल्या घरचे कप. मग रांग लागली, दारातून पार फुटपाथवर. रांग पेटीपाशी यायची, आईच्या हातांतल्या जपमाळेला बोट लावायची, मग डोनल, डर्वला आणि गॅरेट यांच्याशी हस्तांदोलन करत पुढे सरकायची.

"वाईट झालं गं डर्वला."

"किती शांत दिसतेय बघ. नाहीतर ही कधी गप्प बसली होती का?"

शेजारची पेग होइन पेटीच्या उशाशी खुर्ची टाकून बसली होती. ओळीत स्वतःच्या मालकीचं घर असलेली ती एकटीच, म्हणून अजून तिथे होती. येणाऱ्या प्रत्येकाचे कपडे, वजन आणि शेवटचं चर्चला आल्याची तारीख ती नजरेने तपासत होती.

रांगेत फिंटन डाउलिंग दिसला तेव्हा डर्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत तो तिच्याच वर्गात होता. तो रांगेत उभा राहायला आलाच नव्हता. हातात फोन धरून, लोकांना बाजूला करत, तो आत शिरायला बघत होता. पण मयताच्या घरी पुढे घुसणारा माणूस गावाने कधी चालवून घेतला नव्हता. कुणीतरी त्याचं कोपर धरून त्याला ओळीत उभं केलं. मागून आणखी लोक आले, आणि फिंटन पावलापावलाने पेटीकडे ढकलला गेला. भिंतीतलं भोक त्याने पाहिलं. कोपऱ्यातलं वल्हं पाहिलं. पेटवलेल्या मेणबत्त्या पाहिल्या. मग त्याच्यापुढे जोसी फेलन होती, आणि हात आपोआप छातीवर क्रूस काढायला उठला.

तो डर्वलाकडे वळला. तोंड उघडलं.

"फिंटन," पेग खुर्चीतून म्हणाली, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशी, "देव तुझं भलं करो. जोसीला घरी येऊ दिलंस. तुझ्या बापाच्या हातून हे झालं नसतं हो."

खोलीतल्या माना वळल्या. एका म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेतला. "मोठं मन लागतं, बाबा."

"लहानपणी तिच्या हातचा सोड्याचा पाव किती खाल्लायस," पेग म्हणाली. "विसरला नाहीस. बरं वाटलं बघ."

डर्वलाच्या जिभेवर एक वाक्य होतं. आई वृद्धाश्रमात गेली त्या दिवसापासून ती ते घासूनपुसून तयार ठेवत आली होती. ते आत्ता, इथे, एवढ्या लोकांदेखत बोलावं, याहून चांगली जागा पुन्हा मिळणार नव्हती. पण ती ते बोलली की तोही बोलणार, नियमांचा कागद काढणार, आणि आईला आज रात्री हेनेसींच्या थंड खोलीत जावं लागणार. तिने पेटीकडे पाहिलं. हिला बाहेर काढणाऱ्याला लोक हिच्याच उशाशी आशीर्वाद देत होते, आणि ते ऐकून घेणं हेच या एका रात्रीचं भाडं होतं.

"चहा घेशील ना?" ती म्हणाली.

तो तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात आला. तिने दार लोटून घेतलं.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

फिंटनने फोन खिशात टाकला. "मी सगळं कायद्याने केलं, डर्वला. मुदत दिली होती."

"हो. तिने तो कागद बिस्किटांच्या डब्यावर उभा करून ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. तुझी सही छान आहे म्हणायची."

"उद्या दहाला घर रिकामं हवंय. दुपारी दुसरं कुटुंब येतंय, लहान मुलं आहेत त्यांची."

"चर्चमधली मिस्सा अकराला आहे. आई साडेदहाला निघेल."

"नियम सगळ्यांना सारखेच..."

"मग आत जा आणि पेगला सांग. मोठ्याने सांग, तिला कमी ऐकू येतं."

तो गेला नाही. तिने कप त्याच्या हातात दिला. साखर किती, हे विचारलं नाही. बाहेर जाताना त्याची नजर उलट्या फळीवर पडली. त्याने ती सुलटी केली, वाचली, आणि पुन्हा उलटी ठेवली.

बैठकीत जपमाळ म्हणून झाली होती. पेग खिडकीपाशी उभी राहून नदीकडे तोंड करून बोलत होती, कुणाशी असं नाही. "माझा जॅक गेला तेव्हा पुलापासून गिरणीपर्यंत एकूणएक खिडकीला पडदा ओढलेला होता. पेटी जाईपर्यंत कुणी उघडला नाही. उद्या जोसी जाईल तेव्हा कोण ओढणार? माझी एक खिडकी आहे, ती ओढीन मी. बाकी सगळी ही सुट्टीवाली मंडळी. त्यांना काय ठाऊक. काचेला नाक लावून फोटो काढतील."

दाराशी फिंटन उभा होता, चहा तसाच हातात. पेगचं बोलणं संपल्यावर त्याने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेला.

"गेला चहा टाकून," डोनल म्हणाला. "सकाळी साफसफाईवाल्यांना घेऊन येईल बघ."

"येऊ दे," डर्वला म्हणाली. "दारात मी उभी आहे."

सकाळी ती खरोखरच उभी राहिली, काळा कोट घालून, हाताची घडी घालून. दहा वाजले. कुणी आलं नाही. तयार ठेवलेला राग कुठे ठेवावा हे तिला कळेना, म्हणून तिने डोनलला टायवरून झापलं.

साडेदहाला पेटी बाहेर पडली. काल ज्यांनी हॅम आणि केक आणले होते, त्यांनीच खांदे दिले. डर्वला पेटीमागे उंबऱ्याबाहेर आली आणि तिने ओळीकडे पाहायचं म्हणून पाहिलं.

पुलापासून गिरणीपर्यंत सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. निळ्या पाट्यांची, किल्लीच्या पेट्यांची घरं, वरच्या मजल्यावरच्या खिडक्यासुद्धा. एका दारात ड्रेसिंग गाऊन घातलेला एक परदेशी माणूस अनवाणी ताठ उभा होता. त्याला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. त्याने बायकोच्या हातातला फोन हळूच खाली केला.

ओळीच्या टोकाला, गिरणीलगतच्या शेवटच्या घराशी, फिंटन डाउलिंग पाठमोरा उभा राहून दाराला कुलूप लावत होता. किल्ल्यांचा भला मोठा जुडगा त्याच्या हातात होता. तो वळला नाही. अंत्ययात्रा त्याच्या बाजूला जाणारही नव्हती. चर्च पुलापलीकडे होतं.

"बघितलंस?" डर्वलाच्या दंडाला धरून चालणारी पेग म्हणाली.

"बघितलं."

"मी म्हटलं नव्हतं? मोठ्या मनाचा आहे."

 डर्वलाच्या जिभेवरचं कालचं वाक्य अजून तिथेच होतं, त्यातला एक शब्दही खोटा झाला नव्हता.

पुलाच्या मध्यावर खांदेकरी नेहमीप्रमाणे थांबले, जाणाऱ्याने नदीला शेवटचं पाहून घ्यावं म्हणून. खाली बांधावरून पाणी पडत होतं. गॅरेटने डर्वलाकडे पाहिलं आणि कठड्याजवळून थोडा बाजूला झाला, तिला जागा करून दिली. तिने कोटाच्या खिशातून किल्ली काढली. मुठीत ती बरीच गरम झाली होती.

खांदेकऱ्यांनी पाऊल उचललं. तिने किल्ली परत खिशात टाकली आणि आईच्या मागे चालू लागली.