मृगाच्या कडेची कमान

मी एक निगेटिव्ह बोलतेय. काळ्यापांढऱ्या फिल्मचा दोन बोटं रुंद तुकडा. माझ्यातलं आभाळ फिकट आणि तारे काळे, म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्याला मी उलटी वाटते.

माझा जन्म जानेवारी १९९२चा, काष्टी गावाबाहेरच्या माळावर. सूर्यभानचा बाजारतळाजवळ फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, असलं त्याचं काम. पण आभाळाचं वेड मोठं. पृथ्वी फिरते आणि तारे सरकतात, म्हणून त्याने दोन फळ्यांना बिजागरी लावून खाली एक लांब स्क्रू बसवला होता. वरच्या फळीवर कॅमेरा. दर पंधरा सेकंदांनी स्क्रूला पाव फेरा दिला की कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकायचा.

त्या रात्री जेवणं उरकून सूर्यभान आणि त्याची बायको कडूबाई माळावर निघाली. सूर्यभानने ढगांच्या फोटोसाठी घेतलेली लाल काच लेन्सवर चढवली आणि मृग नक्षत्रावर कॅमेरा रोखला. कडूबाई घड्याळावर बॅटरी धरून सांगत होती, "आता... आता..." असे साठ वेळा. त्या पाव तासात माझ्यावर जे उमटलं, ते मी आजवर सांभाळलंय.

धुऊन वाळल्यावर सूर्यभानने मला खिडकीशी धरलं. मृगातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या पूर्वेला एक पुसट कमान होती. एका पुस्तकात त्याने वाचलं होतं की तिथे लाल उजेडाच्या विरळ वायूची मोठी कमान आहे आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याने मोठा प्रिंट काढला आणि नगरच्या एका प्रदर्शनात नेला.

तिथल्या परीक्षकाने भिंग लावून बघितलं. "तारे छान आलेत. पण हा डेव्हलपिंगचा डाग आहे. पाणी विहिरीचं वापरता ना?"

पाणी विहिरीचंच होतं. सूर्यभानने प्रिंट गुंडाळून घेतला, कारण त्याची स्वतःचीही खात्री नव्हती. घरी आल्यावर कडूबाईला एवढंच म्हणाला, "बक्षीस न्हाई मिळालं." माझ्या पाकिटावर मात्र त्याने पेन्सिलीने लिहिलं, 'डाग?' आणि मला खणात ठेवून दिलं.

तीन वर्षांनी त्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. स्टुडिओचं शटर बरेच दिवस खाली होतं. मग कडूबाईने ते उचललं. ओळखपत्राचे फोटो ती काढायला शिकली, डार्करूमचं काम एक पोऱ्या येऊन करायचा. सूर्यभान खुर्चीत बसून रस्ता बघायचा. माळाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

डिसेंबर ९७मध्ये खण आवरताना मी कडूबाईच्या हाती लागले. तिने पाकीट वाचलं.

"अहो, ह्यो डाग कसला?"

मग सहा वर्षांपूर्वीची ती कमानीची आणि परीक्षकाची गोष्ट त्याने तिला सांगितली, अडखळत, एकेक शब्द जोडत. कडूबाईने मला उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळलं.

"मग आणखी एक काढायचा," ती म्हणाली. "डाग असंल तर परत त्याच जागी यायचा न्हाई. आभाळातलं असंल तर येईल."

सूर्यभानने आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून दाखवला.

"माजा हाय की," ती म्हणाली.

मी निगेटिव्ह. माझं काम उजेड धरून ठेवायचं. पण त्या खोलीत तेव्हा जे झालं, ते कुठल्या फिल्मला धरता आलं असतं असं मला वाटत नाही. तो हसला, अर्ध्याच तोंडाने.

पहिल्या खेपेला सगळे तारे रेघोट्या होऊन आले. फळीची बिजागरी ध्रुवताऱ्याकडे रोखावी लागते, तिथेच चूक झाली होती. दुसऱ्या खेपेला धुकं पडलं. तिसऱ्या वेळी, जानेवारीत, ती शेजारच्या गोरक्षच्या टेम्पोत नवऱ्याला बसवून माळावर घेऊन गेली. तोच कॅमेरा, तीच लाल काच. या वेळी घड्याळ सूर्यभानकडे होतं.

"आ...ता," तो म्हणायचा.

"मोठ्यांदा बोला. वारं लई हाय."

फिल्म तिने स्वतः धुतली. मिट्ट अंधारात फिल्म रिळावर चढवताना दोनदा अडकली. दाराबाहेरून तो सांगत होता, "घाई न्हाई... कड चाचप... आता फिरव." पाणी या खेपेला गाळून, उकळून घेतलं होतं.

अशी माझी बहीण जन्मली. तिच्यातही कमान होती, माझ्याहून पुसट. बघणाऱ्याने नाही म्हटलं असतं तर वाद घालता आला नसता. तेव्हा सूर्यभानने सांगितलं, "दोघी... एकावर एक."

खालून दिवा लावलेल्या काचेवर कडूबाईने मला बहिणीवर ठेवलं. भिंगातून बघत ती मला केसभर सरकवायची, थांबायची, पुन्हा सरकवायची. तारा ताऱ्यावर बसला. माझ्या अंगावर थेंबाचे दोन खरेच डाग होते, तिच्या कोपऱ्यात एक ओरखडा होता. ते एकेकटेच राहिले. कमान मात्र कमानीत मिळाली आणि गडद झाली. तसंच आम्हाला चिमट्याने धरून तिने फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरमध्ये घातलं.

डेव्हलपर रसायनाच्या ट्रेमध्ये फोटोचा कागद हलत होता. आधी तीन तारे आले. मग त्यांच्या पूर्वेकडून, खाली वळत जाणारी, धुरासारखी पांढरी कमान.

"आली बगा!" कडूबाई ओरडली. सूर्यभान लाल दिव्याखाली रडत होता आणि लपवतही नव्हता.

तो प्रिंट त्यांनी त्याच परीक्षकाला टपालाने पाठवला, सोबत दोन्ही निगेटिव्हचे वेगवेगळे प्रिंटही. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. "तो डाग नव्हता. चूक माझी. पुढच्या प्रदर्शनात हा फोटो दारातच लावणार आहे. खाली कोणाचं नाव घालू?"

सूर्यभानने डाव्या हाताने उत्तर लिहिलं. अक्षर वेडंवाकडं, पण आधी कडूबाईचं नाव, मग त्याचं.

आता १९९९ची दिवाळी झालीय. एक प्रिंट स्टुडिओच्या भिंतीवर आहे. परवा फोटो काढायला आलेल्या छबूबाईने विचारलं, "ह्यो धूर कशाचा गं?" कडूबाई म्हणाली, "धूर न्हाई. तिकडं तारं जलमत्यात म्हणं," आणि तिला खुर्चीत सरळ बसायला सांगितलं.

आम्ही दोघी बहिणी एकाच पाकिटात राहतो. थंडी पडली की तिसरी येणार आहे, माळ ठरलाय, टेम्पोही सांगून ठेवलाय. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी खणात पडली असेल. तिला टाकू नका. एकदा उजेडाकडे धरा, पण कडांना धरा. बोटांचे ठसे आमच्यावर कायमचे राहतात.