दार उघडंच होतं

डॉ. ऋता साक्षीच्या पिंजऱ्यात चढल्या, तशी मागच्या बाकावरची जया आणखी कोपऱ्यात सरकली आणि पदराचा बोळा तिने तोंडाशी धरला. तिची स्वतःची साक्ष केव्हाच होऊन गेली होती. विचारलं तेवढंच ती बोलली होती. मेला तो माझा मुलगा कृणाल. मारणारी माझी सून दिपाली. मी बाजारातून आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आज तिला दिंडोशीच्या कोर्टात कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी जीव थाऱ्यावर राहीना. ही मुलुंडची डॉक्टरीण माणसाच्या मनातलं काढून घेते म्हणे, आणि तुरुंगात जाऊन दिपालीला कितीदा तरी भेटून आली होती. काय काय काढून घेतलं असेल कोण जाणे!

बाई मात्र साध्या मराठीत, सावकाश बोलत होत्या.

"वर्षानुवर्षं मार खाल्लेली बाई नवऱ्याच्या नुसत्या वावरण्यावरून ओळखते, आज काय होणार ते. त्या दुपारी तो ओरडला नाही. काही न बोलता त्याने खुंटीवरच्या दोरीला हात घातला. आधीच्या खेपेला तीच दोरी त्याने तिच्या गळ्याभोवती आवळली होती."

"म्हणजे तो पाठमोरा होता," सरकारी वकील म्हणाले.

"हो."

"आणि पाठमोऱ्या माणसावर हिने मासळीचा कोयता चालवला. यात स्वतःचा बचाव कुठे आला?"

"दोरी गळ्याला लागेपर्यंत ती थांबली असती, तर आज या कोर्टात आरोपी दुसराच असता."

न्यायाधीश बाई मान खाली घालून लिहून घेत होत्या. वकिलांनी कागद चाळले.

"ठीक आहे. पंचनाम्यात दाराची आतली कडी काढलेली आहे. दार हाताशी, बाहेर भरवस्तीची गल्ली. मग ही पळाली का नाही?"



"अशा वेळी भीतीने पाय उचलत नाहीत. शरीर थिजून जातं."

"कोयता उचलायला हातात बळ आलं, आणि पाय तेवढे थिजले? वा, डॉक्टर!"

पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"तुम्ही आरोपीला हे विचारलं होतंत?"

"विचारलं होतं. बाकी सगळं ती बोलली. या एका प्रश्नाला ती उत्तर देत नाही."

"असेल तर देईल ना!"

न्यायाधीश बाईंचं पेन थांबलं. त्यांनी दिपालीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात माया नव्हती. पोरगी आता जन्माची आत जाणार, हे जयाला लख्ख कळलं.

उत्तर जयाकडे होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, कृणाल दिवसभर घरात. दिपाली मार चुकवून केस मोकळे तशीच गल्लीत पळाली आणि अख्खा कोळीवाडा बघायला जमला. जया शरमेने अर्धी झाली. तेव्हापासून कृणालचं बिनसलं की ती बाहेर पडायची आणि दाराला बाहेरून कडी घालायची. पुढे नात झाली, तेव्हा प्रांजलला कडेवर घेऊन निघायची. घरातलं घरात राहावं, एवढंच. मग शेजारच्या शकुच्या ओट्यावर कोळंबी सोलत बसायचं, आतले आवाज संपेपर्यंत. जया मार खायची तेव्हा तिच्या सासूनेही हेच केलं होतं. त्या दुपारी आवाज फारच लवकर संपले, म्हणून तिने जाऊन कडी काढली. पोलिस आले तेव्हा दार उघडंच होतं.

दिपालीने हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुरुंगातल्या भेटीत जाळीपलीकडून एवढंच म्हणाली होती, "प्रांजलला तुमच्याशिवाय कोण आहे, आई? तिला सांभाळा. बाकी तोंडातून काय काढू नका." त्या दिवसापासून दारावर कुणाची थाप पडली तरी जयाला दरदरून घाम फुटायचा. म्हातारपणी तुरुंग, आणि पोर रस्त्यावर!

"आणखी काही विचारायचंय?" न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"नाही मॅडम. साक्षीदाराकडे उत्तर नाही, एवढं नोंदवून घ्यावं."

आपण उभे कधी राहिलो ते जयाला कळलं नाही. तिने पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

"ओ आजी, बसा खाली! मध्ये बोलायचं नसतं," शिपाई पुढे आला.

आरोपीच्या पिंजऱ्यातून दिपालीने तिच्याकडे बघितलं. तिने हळूच मान हलवली. नको.

"ती पळाली असती, मॅडम," जया म्हणाली. "पण कशी पळणार? दाराला भायेरून कडी होती."

सरकारी वकील वळून बघायला लागले. न्यायाधीश बाईंनी हाताने शिपायाला थांबवलं.

"बाहेरून कडी कोणी घातली होती?"

"आई, नको!" दिपाली ओरडली.

जयाने तिच्याकडे बघायचं टाळलं. ती दिपालीच्या वकिलाकडे वळली.

"शाळा सुटायची वेळ झाली," ती म्हणाली. "आमच्या शकुला फोन करा. तिला सांगा, प्रांजलला घेऊन जा. आणि आता तिला तुझ्याकडेच ठेव."