श्यामसरांची फुली

नारायण पेठेतल्या शाळेत मी बीजगणित शिकवतो, आणि माझी बायको तेच बीजगणित शिकायला लक्ष्मी रोडवरच्या क्लासला जाते. बँकेची परीक्षा द्यायची आहे म्हणे. द्यावी ना. पण मिश्रणाची गणितं समजावून सांगायला घरात माणूस नव्हता का?

तिथे श्याम नावाचा एक पोरगा शिकवतो. वासंती त्याला 'श्यामसर' म्हणते. मला लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने एकदाही काही विचारलेलं नाही, सर म्हणणं तर लांबच.

परवा संध्याकाळी ती टेबलाशी गणित घेऊन बसली होती. दहा टक्के आणि तीस टक्के मिठाचं पाणी मिसळून पंचवीस टक्क्यांचं करायचं, तर प्रमाण काय? मी न बोलावताच खुर्ची ओढली. "समजा, पहिलं पाणी क्ष लिटर..."

"झालं," ती म्हणाली. "एकास तीन."

तिने कागदावर एक फुली काढली होती. डावीकडे दहा आणि तीस, मध्ये पंचवीस, तिरक्या वजाबाक्या करून उजवीकडे पाच आणि पंधरा. "श्यामसरांची पद्धत. क्ष लागतच नाही हो."

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच माझा जळफळाट झाला. उद्या ही पास झाली तर पेढे आधी त्या पोराकडे जाणार, आणि मी घरात बसून अभिनंदनाचे फोन घेणार.

"आता हे कर," मी म्हटलं. "वीस टक्के आणि तीस टक्के मिसळून चाळीस टक्के."

तिने झरझर फुली काढली. "दहा आणि वीस. एकास दोन!"

"वा! दोन पातळ वरणं एकत्र केली की घट्ट होतात वाटतं?" मी क्ष मांडून दाखवला. उत्तर वजा आलं. "बघ, क्ष सांगतोय की हे होणारच नाही. तुमच्या सरांची फुली काही बोलली का?"

वासंती कागदाकडे बघत राहिली आणि एकदम खळखळून हसली. "अहो, काय सुंदर गणित काढलंत! कसं सुचलं तुम्हाला?"

मला फार आनंद झाला. श्यामची पार जिरली होती. आता उरलेला धडा आपणच घ्यावा म्हणून मी पेन उघडलं.

तिने कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "उद्या श्यामसरांना दाखवते. इतके खूश होतील ना!"