बोटीच्या कडेवरचा हात

सातव्या वर्षी सरांनी तिला तरणतलावात ढकललं आणि ती वेडेवाकडे हातपाय मारत वर आली, तेव्हापासून ते तिला बेडकी म्हणायचे. पोहण्यात तिनं पुढे फारसे दिवे लावले नाहीत. ती वर्तमानपत्रात क्रीडा वार्ताहर झाली. पण तिची बातमी छापून आली की सकाळी सातला सरांचा फोन ठरलेला. "बेडके, दशांश चुकलाय बघ." एवढं बोलून ते फोन ठेवायचे, आणि त्यावर तिचा दिवस छान जायचा.

बावन्नाव्या वर्षी सरांनी बेटापासून बंदरापर्यंत पोहत जायचं ठरवलं. त्या वयात ते कुणाला जमलं नव्हतं. नियम कडक होता: किनाऱ्याला पाय लागेपर्यंत बोटीला हात लावायचा नाही. सोबतच्या बोटीत नावाडी, जलतरण संघटनेचे निरीक्षक आणि ती, असे तिघं होते. निरीक्षकांना बोट लागली आणि ते डोळे मिटून आडवे झाले. दुपारी एक चाळीसला सरांच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी बोटीची कड धरली, दोन श्वास घेतले, हात सोडला आणि पुन्हा पोहू लागले. नावाडी इंजिनावर वाकला होता. पाहिलं ते फक्त तिनं.

बंदरावर टाळ्या वाजल्या, विक्रम जाहीर झाला. ती ऑफिसात न जाता आधी सरांच्या घरी गेली. ते गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. हे मला लिहावं लागेल, आणि पेपरात वाचण्याआधी तुम्ही ते माझ्याकडून ऐकावं म्हणून आले, असं तिनं चाचरत सांगितलं.

"दोन श्वास," सर म्हणाले. "त्यानं मी वीतभर तरी पुढे गेलो का?"

"नाही, सर."

"मग?"

"मी पाहिलंय, सर."

त्यांनी काकूंकडे टॉवेल मागितला, पाय पुसले आणि ते आत निघून गेले.

बातमी आली, विक्रम रद्द झाला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, असंही तिला लोक म्हणाले. ते तिनं पचवलं. सकाळचे सात मात्र पचेनात. ती हातात कप धरून बसायची; फोन दुधवाल्याचा यायचा, नाहीतर बहिणीचा. तरणतलावाच्या भिंतीपलीकडून सरांची शिट्टी ऐकू यायची, म्हणून ती ऑफिसला लांबच्या वाटेनं जायची. आणि ज्या दिवशी फारच आठवण यायची, त्या दिवशी मुद्दाम जवळच्या वाटेनं. एकदा तर तिनं बातमीत जाणूनबुजून दशांश चुकवायचं मनात आणलं होतं. मग स्वतःचीच लाज वाटून बरोबर आकडा लिहिला.

अशी सहा वर्षं गेली. मग एक दिवस सरांची एकोणीस वर्षांची शिष्या ऑफिसात आली. तिला तेच अंतर पोहायचं होतं.

"ताई, बोटीत तुम्ही याल का?" तिनं विचारलं. "सर म्हणाले, ती असेल तरच पाण्यात उतर. ती झालं म्हणाली तर झालं."

ती गेली. साडेसहा तास तिनं मुलीच्या हातांवरची नजर हलवली नाही. मुलगी तीरासारखी आली आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर चढून रडायला लागली. सर टॉवेल घेऊन उभे होते. केस पार पांढरे झाले होते. ते बोटीजवळ आले.

"हात लागला कुठं?"

"नाही, सर. एकदाही नाही."

"मग लिही."

तिला विचारायचं होतं, पोटरी अजून दुखते का, काकू कशा आहेत. शब्द ओठांवर आलेही होते. पण सर वळले, टॉवेल मुलीच्या खांद्यावर टाकला आणि तिला धरून हळूहळू पायऱ्या चढू लागले. तिनं वही उघडून वेळ टिपली. नावाड्यानं विचारलं, उतरता ना? तिनं त्याला जरा थांबायला सांगितलं आणि ते दोघं दिसेनासे होईपर्यंत बोटीतच बसून राहिली.