दहा पेट्या, एक वजन

मार्कर लाल आणि त्याचं टोपण मात्र निळं. कुणीतरी अदलाबदल करून ठेवलेली, आणि ती इंटरव्ह्यूला बसलेल्या मैत्रीच्या डोळ्यांत इतकी खुपत होती की समोरच्या येळवंडे सरांचं पहिलं वाक्य तिच्या कानावरून नुसतं गेलं. कारखान्यात असतं तर एव्हाना लाल टॅग लावून बाजूला काढलं असतं तिनं... ऐक बाई, ऐक! फर्स्ट शिफ्ट करून, तोंडावर पाणी मारून, निघोज्याहून थेट इथं पुनावळ्याच्या या सहाव्या मजल्यावर आलीस ती काय टोपणं बघायला? तिकडचं काँट्रॅक्ट तीस तारखेला संपतंय. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीसाठी हा तिसरा इंटरव्ह्यू, आणि चौथ्याला अजून कुणी बोलावलेलं नाही.

"नऊ चेंडू," येळवंडे सर म्हणत होते, "दिसायला सारखे. त्यातला एक जड. तराजू आहे, पण दोनदाच तोलायचं. कसा शोधाल?"

हात्तिच्या! हे तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी... चिंचवडच्या क्लासात मिनल मॅडमनी हे कोडं पाच वेळा घोटून घेतलं होतं, आणि त्याहून जास्त घोटून घेतलं होतं ते पुढचं — माहीत असलं तरी पटकन सांगायचं नाही, कपाळाला आठ्या घालायच्या, काहीतरी लिहायचं, खोडायचं, "एक मिनिट हं सर" म्हणायचं. अख्खा वर्ग एकमेकांकडे बघून आठ्या घालायचा आणि फिदीफिदी हसायचा. तर तिनं आठ्या घातल्या. चार-चार लिहिलं, खोडलं. सुस्कारा सोडला. आणि मग अगदी आत्ताच सुचल्यासारखं — तिनांसमोर तीन ठेवायचे, जे पारडं खाली जाईल त्यात जड चेंडू, दोन्ही सारखी राहिली तर उरलेल्या तिनांत. मग त्या तिनांतले एकासमोर एक.

"वा! पहिल्यांदाच ऐकलंत हे?"

"हो सर."

इतकं सहज निघालं तोंडातून की तिची तिलाच गंमत वाटली.

"मग हे घ्या," सर खुशीत आले होते. "दहा पेट्या बोल्ट. प्रत्येक बोल्ट दहा ग्रॅमचा, फक्त एका पेटीतले सगळेच्या सगळे नऊ ग्रॅमचे. काटा ग्रॅम दाखवतो. पण वजन एकदाच करायचं. पेटी कुठली?"

हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं! आणि बोल्ट... अहो, तीन वर्षं दुसरं केलंय काय मी? आलेला माल उघडायचा, प्रत्येक पेटीतून पाच काढायचे, काट्यावर टाकायचे. तर पाच-पाच घेऊ. पन्नास बोल्ट, पाचशे ग्रॅम यायला हवेत, येणार चारशे पंच्याण्णव... आणि पेटी कुठलीही असली तरी चारशे पंच्याण्णवच! मग तीन-तीन? तेच. सात-सात? तेच की. डोकं गरम झालं. एकदा, पहिल्याच आठवड्यात, एका पेटीतून चार आणि दुसरीतून सहा उचलले होते तिनं, तेव्हा सुपरवायझर ज्योतीरामभाऊ सगळ्या लाइनसमोर ओरडले होते — "ओ मॅडम, सगळीकडून सारखं घ्यायचं असतंय! मंडई हाय का ही?" — आणि ती इतकी शरमली होती की त्यानंतर हात कधी चुकला नाही, डोळे मिटून पाच, पाच, पाच...

थांब. मी सारखेच का घेतेय?

सारखं कुणी घ्यायला सांगितलंय मला इथं? अगं बाई... अगं बाई गं! ती उठलीच. न विचारता तो मार्कर उचलून फळ्याकडे गेली. पहिलीतून एक, दुसरीतून दोन, तिसरीतून तीन — घाईत आकडे तिरके पडत होते — दहावीतून दहा! एकूण पंचावन्न बोल्ट, साडेपाचशे ग्रॅम. जितके ग्रॅम कमी भरतील, तितक्या नंबरची पेटी!

"तीन ग्रॅम कमी आले, तर तिसरी, सर! सात आले, तर सातवी!"

ती वळली. येळवंडे सरांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं."

"नाही सर!"

"सोप्या कोड्याला केवढा घाम गाळलात. आणि हे अवघड, ते दोन मिनिटांत? पाठ करून येणारे रोज बघतो मी, मॅडम."

तिची कानशिलं तापली. म्हणजे जे नाटक होतं ते खरं वाटलं यांना, आणि जे खरं... गप्प बसावं? पहिल्या कोड्याला तर वा म्हणालेत, तेवढ्यावर कदाचित निभावेल. घरी पप्पा फोन हातात धरून बसले असतील. पण हे माझं आहे, आत्ता, इथं, माझ्या डोक्यातून निघालंय, ते असं कुणी पाठांतरात जमा करावं? असा राग आला तिला, असा राग!

"पहिलं माहीत होतं, सर. क्लासात शिकवलंय. कपाळाला आठ्या कशा घालायच्या, तेसुद्धा शिकवलंय. तुम्हाला मघाशी खोटं सांगितलं. पण हे माहीत नव्हतं. हे मला आत्ता सुचलं."

"व्हय?" सरांच्या तोंडून एकदम गाव बाहेर पडलं. मग ते सावरले, खाली बघून कागदावर काहीतरी लिहू लागले. उलटं, बारीक अक्षर, तिला लागेना.

गेली नोकरी. स्वतःच्या तोंडानं घालवली. आता रडू यायला हवं होतं, पण कमाल म्हणजे तिला हसू येत होतं.

"ठीक आहे. कळवू आम्ही."

"सर, अजून एक घाला ना."

"काय?"

"कोडं. मला येणार नाही असं."

सरांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत राहिले. शोधतायत. खरंच शोधतायत! ती खुर्चीच्या कडेवर आली. आलं नाही तर? नाही आलं तर नाही आलं... पण विचारा आधी, सर, लवकर, विचारा ना...