गयावहिनीचा डावा पाय

शेणाने सारवलेल्या अंगणाला उन्हाळ्यातल्या रात्री एक ओलसर, थंड वास असतो. आणि त्या वासात मिसळलेला एक आवाज अजून माझ्या कानांत आहे. अनवाणी टाचेचा आवाज. मऊ, बेताचा. धप्... धप्... जणू जमिनीच्या पोटात कुणी गाढ झोपले आहे आणि त्याला न दचकवता उठवायचे आहे.

तो आवाज गयावहिनीचा. माझ्या थोरल्या भावाची, दादाची ही बायको केळापूरकडून आमच्या राळेगावच्या बाजूच्या गावात आली, तेव्हाच तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळसर झाक होती. लग्नाची हळद वहिनीच्या अंगावरून उतरली पण डोळ्यांतून उतरायची विसरली, असे मी म्हणायचो, आणि दाद मिळवायचो. "अंगात रगत नाही पोरीच्या," एवढे निदान गावाने एकमताने केले होते. कापूस वेचताना ती ओळीत सगळ्यांच्या मागे पडायची आणि शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीच्या विरळ सावलीत टेकायची. तेव्हा तिचा चेहरा पावसाने नुकत्याच धुतलेल्या पाटीसारखा दिसे: सगळे पुसलेले, तरी कुठे तरी अक्षरांच्या खुणा राहिलेल्या.

रात्री तिच्या डाव्या पोटरीत गोळा यायचा. उन्हाळ्यात आम्ही सारे अंगणात बाजा टाकून निजायचो, त्यामुळे तो सगळ्या घराला कळायचा. ती उठायची, मांडवाचा खांब एका हाताने धरायची, पायाची बोटे वर ओढायची आणि टाच जमिनीवर हळूहळू आपटायची. मग लंगडत रांजणापाशी जाऊन तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची, आणि परत येऊन तान्ह्या शांताला पोटाशी घेऊन पडायची.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही भाऊजी. गोळा आला. निजा तुमी."

मी निजत नव्हतो. मी पाहत होतो. कारण मी गावचा नकल्या होतो, आणि नकल्याच्या डोळ्याला रात्रपाळी असते. तलाठी, कीर्तनकार, बोकडाचा भाव करणारा खाटीक, मोटारीच्या टपावर सामान फेकणारा क्लीनर, सगळे माझ्या अंगात मुक्कामाला असत. नुकतेच राज्य बदलले होते. रात्री मध्यप्रदेशात झोपलेला आमचा जिल्हा सकाळी मुंबई राज्यात जागा झाला होता, आणि गावात त्याने पडलेला फरक म्हणजे माझ्या नकलांत एका नव्या साहेबाची भर. अशा कलावंताला घरच्या अंगणात रोज रात्री फुकटचा प्रयोग दिसत होता. मी तो सोडतो होय!

त्याच उन्हाळ्यातली दुपार. आमच्या ओसरीत शेवया चालल्या होत्या. गल्लीतल्या सात-आठ बाया, तिरपे ठेवलेले पाट, पिठाने पांढरे झालेले हात, आणि काठ्यांवर वाळत घातलेल्या शेवयांची सोनेरी झुंबरे. सखूकाकू म्हणाली, "अरे नकल्या, कंटाळा आला माय, काही तरी करून दाखव न."

मी उठलो. ओसरीचा खांब धरला. डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ दातांत घेतला, पायाची बोटे वर ओढली आणि टाच आपटली. धप्. धप्. मग लंगडत जाऊन हवेतला तांब्या तोंडाला लावला, आणि गळ्याची घाटीसुद्धा हलवली.

"अव माय! गयाच हाये हुबेहूब!" सखूकाकूच्या हातातली शेवई तुटली. बाया एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. आणि वहिनी? पदराचे टोक तोंडावर धरून तीही हसत होती. हसता हसता म्हणाली, "भाऊजी, चुकलं तुमचं. पाय डावा असते, उजवा नाही."

त्यावर तर हास्याचा कडेलोट झाला. मी लगेच पाय बदलला. चूक सुधारून घेणारा कलावंत मी! त्या दिवशी माझ्याइतका सुखी प्राणी तालुक्यात नसेल.

आठवड्याभरात गल्लीतली पोरे तो 'गयाचा नाच' करू लागली. रात्री वहिनी उठली, की शेजारच्या अंगणातून कुणी तरी खुसखुसायचे, "सुरू झाला रे!" आणि एका रात्री माझ्या ध्यानात आले, की आवाज येईनासा झाला आहे.

मला वाटले, बरे वाटत असेल. माणसाला जे सोयीचे असते ते त्याला फार लवकर वाटते. पण तिसऱ्या की चौथ्या रात्री चंद्र माथ्यावर होता आणि मला ती दिसली. बाजेवर निपचित पडलेली, बाजेच्या सुतळीत एका हाताची बोटे रुतवलेली, पदराचा बोळा दातांत. पाय मात्र ताठ, लाकडासारखा. ती उठत नव्हती. उठावे लागू नये म्हणून दिवस बुडाल्यावर पाणीही पीत नव्हती. रांजणावरचा तिचा तांब्या संध्याकाळपासून उपडा असायचा. हे सगळे मी पाहिले, मला सगळे कळले, आणि मी कूस बदलली. तोंड उघडले असते तर कबूल करावे लागले असते. जगातल्या सगळ्या माणसांचे बोलणे माझ्या तोंडी होते. नेमके माझे स्वतःचे तेवढे नव्हते.

ज्येष्ठात ती तापाने फणफणली, दोन्ही पाय धरून विव्हळू लागली, आणि दादाने मोटारीने तिला यवतमाळला नेले. शांताला सांभाळायला म्हणून मीही गेलो. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी बोटातून रक्त काढून काचेवर घेतले, यंत्राच्या नळीतून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "पाय नेमका कसा दुखतो? कळ येते, मुंग्या येतात, की आखडतो?"

वहिनीने पदर पुढे ओढला. परक्या पुरुषाला पायाचे काय सांगणार? "दुखते जी," एवढेच म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा विचारले. तेव्हा ती अगदी सहज, कुठलाही काटा नसलेल्या आवाजात म्हणाली, "आमच्या भाऊजीले इचारा. त्यायले बराबर येते."

मी शांताला दादाच्या हाती दिले आणि उभा राहिलो. त्या खोलीत खांब नव्हता. मी टेबलाची कड धरली. डावा पाय. ओठ दातांत. बोटे वर. टाच खाली. तोच प्रयोग, तीच हुबेहूब कारागिरी, आणि हसणारे कुणी नाही. डॉक्टर खाली वाकले आणि त्यांनी माझी पोटरी दाबली. "इथं?"

"आणखी खाली," वहिनी म्हणाली.

"इथं, हाडावर?"

"हो जी. तेथंच."

तिचे दुखणे असे माझ्या पायावर तपासले गेले. मग डॉक्टरांनी सांगितले, की हिच्या रक्तातले लाल कण गोल राहत नाहीत, विळ्यासारखे वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. हे जन्माचे आहे, जाणार नाही. जपायचे. पाय उबेत ठेवायचे. आणि पाणी. "पाणी कमी पिता का?"

"दिवस बुडला की घोट नाही घेत ते," दादा म्हणाला.

"का?"

मी जमिनीकडे पाहिले. आता ती सांगेल, असे वाटले. सांगावे, असेही वाटले.

"सवय हाये जी," वहिनी म्हणाली. "लहानपणापासूनची."

तिने मला वाचवले. मोटारीत परतताना ती खिडकीबाहेरच्या नांगरलेल्या काळ्या रानाकडे पाहत होती. त्यानंतर मी रोज संध्याकाळी तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवत असे. तिने एकदाही विचारले नाही. मी एकदाही सांगितले नाही. ती चार वर्षे जगली, आणि एका थंडीत, पऱ्हाटीवरच्या कापसाची शेवटची वेचणी चालू असताना, गेली.

शांता आता दहा वर्षांची आहे. परवा ती माझ्या पुढ्यात येऊन बसली. "काका, तुमी साऱ्यायच्या नकला करता. मायची करा न. मले ते काहीच आठवत नाही."

मी उठलो, आणि उभाच राहिलो. ती चालायची कशी? हाक कशी मारायची? हसताना तिच्या तोंडावर पदर असायचा. त्यामागचे हसू मी कधी पाहिलेच नव्हते. माझ्या अंगाला तिचे एकच पाठ होते, आणि ते या पोरीला दाखवण्यासारखे नव्हते. शेवटी मी खाली बसलो आणि हवेत वेणी घालणारे हात करू लागलो: तीन पेड, हलका हिसका, टोकाला गाठ.

"अशीच घालत होती?" शांताचे डोळे मोठे झाले.

"अशीच," मी म्हणालो.

ते हात कुठल्याही आईचे असू शकले असते. गेलेले माणूस आपल्यापाशी उरते ते आपण त्याच्याकडे जितके पाहिले तितकेच. आणि मी, ज्याचा धंदाच पाहण्याचा, त्याने एका आख्ख्या बाईतले फक्त दुखणे तेवढे पाहून घेतले, बाकीची सगळी गयावहिनी काळाला देऊन टाकली.