माझ्या वाटणीचे जोर

आमच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रातल्या शिक्षा अमानुष आहेत की नाहीत, हे ठरवायला एक समिती आली. समितीत एक डॉक्टर होते, एक वकील होते आणि एक जाडे गृहस्थ होते. ते कशासाठी होते हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण मेसची घंटा वाजली की सगळ्यांत आधी तेच उठायचे.

डॉक्टर म्हणाले, शिक्षा बंद करा. वकील म्हणाले, मग शिस्तीचं काय? जाडे गृहस्थ म्हणाले, मधला मार्ग काढा आणि जेवायला चला.

मधला मार्ग असा निघाला. शिक्षा चालू राहील, पण रिक्रूटला ती झेपत नसेल तर नात्यातलं कोणीही त्याच्याऐवजी करू शकेल. झेपतंय की नाही, हे नातेवाइकानंच ठरवायचं. मात्र एकदा एकानं अंगावर घेतली की ती पुढे दुसऱ्याला देता येणार नाही. हे शेवटचं कलम वकिलांचं. नाहीतर एकच शिक्षा खानदानभर फिरत बसेल, म्हणाले.

आम्हाला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी हा नियम मैदानावर वाचून दाखवला, तेव्हा त्यांच्या मिशीचं डावं टोक हललं. आमच्या बराकीत याला भूकंप म्हणतात.

दुसऱ्याच दिवशी माझ्या चादरीला सुरकुती सापडली.

"कापूस!" उस्ताद गरजले. कापूस म्हणजे मी. "पन्नास जोर!"

नियमाप्रमाणे घरी फोन गेला. सकाळी फाटकात आई हजर. हातात पिशवी, बाह्या कोपरापर्यंत वर.

"कुठे मारायचेत?"

उस्तादांनी आयुष्यात भल्याभल्यांना लोळवलं होतं, पण कोणाच्या आईला कधी वाकवलं नव्हतं. "वाका!" ते ओरडले, आणि लगेच त्यांचा आवाज खाली आला, "म्हणजे... वाकता का, ताई?"

आईला पन्नास जोर मारायला दुपार झाली. मधे दोनदा तिनं माझं तोंड पुसलं.

पाहता पाहता मैदान नातेवाइकांनी भरून गेलं. एकाची आत्या बेडूकउड्या मारायची, आणि तिचा जुना आखडलेला गुडघा त्यामुळेच सुटला असं सगळ्यांना सांगत फिरायची. दोन साडू एकमेकांवर खुन्नस धरून बैठका काढायचे. एक सासरे जावयाच्या फेऱ्या मारायचे आणि प्रत्येक फेरीला त्याच्यासमोर थांबून म्हणायचे, "मुलगी दिली तेव्हाच कळायला हवं होतं." आम्ही रिक्रूट सावलीत बसून त्यांचे टॉवेल सांभाळायचो. सगळे धडधाकट होत चालले होते. आम्ही सोडून.

हे सगळं छान चाललं असतं, पण महिनाअखेरीला टेकडी होती. पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानानं भरलेली लष्करी पिशवी, घेऊन टेकडीच्या माथ्यावर पोचायचं. जो पोचणार नाही, तो घरी. सरावाला मी अर्ध्यात बसलो. आई माथ्यावर उभी राहून हाक मारत होती, कारण ती आपल्या शिक्षा आटपून आधीच वर गेली होती.

मला घरी जायचं नव्हतं. घरी आई अजून माझ्या चहावर फुंकर घालते. बुटाची नाडी बांधून देते. तिला मी एकदा विचारलं होतं, हे किती दिवस? ती म्हणाली, तुला जमेपर्यंत. पण जमायला नाडी हातात तर यायला हवी!

"आई, मला माझे जोर मारू दे ना," मी म्हटलं.

"एवढे? तू?" तिनं माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला. "गप दूध पी."

शेवटी मी उस्तादांनाच गाठलं. "उस्ताद, मला शिक्षा करा. गुपचूप. आईला कळू न देता."

उस्तादांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत कोणी त्यांना इतकं प्रेमानं काही मागितलं नव्हतं.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही मेसच्या कोठाराच्या मागे भेटायचो. ते हळू आवाजात शिव्या द्यायचे आणि मी जोर मारायचो. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी जाडे गृहस्थ खाण्याच्या वासानं तिथे आले.

घरी न कळवता शिक्षा देऊन उस्तादांनी नियम मोडला होता. कमांडंट साहेबांनी त्यांना पिट्टूसकट टेकडीची शिक्षा दिली. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून उस्तादांच्याही घरी फोन गेला.

सकाळी उस्तादांची आई आली. ऐंशीच्या पुढची, हातात काठी. मैदानाच्या मधोमध उभं राहून तिनं विचारलं, "ओझं कुठाय?"

"आई, तू बस ना," उस्ताद म्हणाले. हा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. तो साधारण सात वर्षांच्या मुलाचा होता. "मला झेपतं गं."

"झेपतंय की नाही ते मी ठरवणार. शेजाऱ्याची काच तू फोडलीस तेव्हा बोलणी कोणी खाल्ली? मीच ना? आण इकडे."

तिनं पिट्टूचा पट्टा धरला. उस्तादांच्या मिशीची दोन्ही टोकं खाली आली. तिच्या आधी दुसऱ्या नातेवाइकानं शिक्षा घेतली तरच ती वाचणार होती, आणि उस्तादांना दुसरं कोणीच नव्हतं.

माझा हात वर गेला. मला न विचारता. "मी करतो."

"नातं काय?" कमांडंट साहेबांनी विचारलं.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्या मळक्या बुटांबद्दलचे जोर मारत होती. तिनं एकदा त्या म्हातारीकडे पाहिलं.

"उस्ताद माझे भाऊ लागतात," खाली जाता जाता ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आत्तापासून," वर येता येता ती म्हणाली. "मानलेले. म्हणजे हा त्यांचा भाचा."

वकिलांनी नियम उलटसुलट वाचला. मानलेलं नातं चालत नाही असं कुठेच नव्हतं. मी पिट्टू पाठीवर चढवला, तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. ती धावत आली.

"दे ते इकडे!"

"ताई, एकदा घेतली की पुढे देता येत नाही," वकील म्हणाले.

माझ्या आईला कोणी नाही म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मी निघालो. डॉक्टर नाडी बघत शेजारून चालत होते. अर्ध्यात, नेहमीच्या दगडापाशी, मी ओकलो.

"अमानुष वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग थांबवू?"

"नाही."

डॉक्टर वैतागले. "एक काहीतरी सांगा हो. मला अहवाल द्यायचाय."

खालून उस्तादांची आई काठी आपटत ओरडत होती, "पाय उचल, कापूस!" उस्तादांचा आवाज कुठून आलाय, ते मला तेव्हा कळलं. मी पाय उचलला. मग दुसरा उचलला. माथा आला तेव्हा मी चालत होतो की रांगत होतो, यावर समितीत अजून वाद आहे. पण टेकडी तीच, पिट्टू तोच, तेव्हा भाच्याला महिनाअखेरीला परत चढवण्यात अर्थ नाही, असं कमांडंट साहेबांनी जाहीर केलं. मी पास झालो होतो.

आई मागोमाग वर आली. तिला धापही लागली नव्हती. माझ्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली तिनं पाहिली आणि ती खाली वाकली.

मी पाय मागे घेतला. माझी मीच गाठ मारली.

"उलटी आहे ती," आई म्हणाली.

"असू दे."

ती तशीच वाकलेली राहिली. मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला सुचेना. मग तिनं ते जमिनीवर टेकले आणि तिथल्या तिथे वीस जोर मारले, कोणाच्याच वाटणीचे नसलेले.